दाण्याच्या दह्याचा तह

प्रिय सुमे,

चार महिने पत्र नाही, म्हणजे तू फुगली असणार. फुग. माझा गुडघा बरा आहे, ह्यांचं बीपीही. पुढे वाच.

तू जिंकलीस. बेबीच्या डोहाळजेवणात तू चारचौघींत म्हणालीस, "दाण्याचं दही म्हणजे पांढरं तेल," आणि मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नव्हते. काल वही घेऊन बसले. शंभर ग्रॅम दाण्यांत ४९ ग्रॅम तेल. दीडशे ग्रॅम दाणे तीन वाट्या पाण्यात वाटले, तर चोथ्यात थोडं राहूनही दह्यात नऊ-दहा टक्के स्निग्धांश उतरतो. म्हशीच्या दुधात सहा-सात! आणि मी ते 'हलकं' म्हणून वाढत होते. नंदूमावशीला सांगू नकोस, ती गावभर करेल.

अडचण अशी की चिन्मय येतोय. त्याला दूध नको आणि तेलही नको, पण दहीवडे हवेत. म्हणून आता तुझ्या लातूरचं सोयाबीन. नाक मुरडू नकोस, तो उग्र वास आपण थंड पाण्यात वाटतो म्हणून येतो. सोयाबीनचा दाणा फुटला की त्यातलं एन्झाइम तेलावर काम करायला लागतं. उकळत्या पाण्यात वाटलं की ते तिथल्या तिथे मरतं. एक वाटी सोयाबीन आठ तास भिजवून, चोळून सालं काढायची. पाव वाटी दाणे वेगळे भिजवून सोलायचे. दोन्ही मिळून सहा वाट्या उकळत्या पाण्यात, थोडं थोडं वाटायचं. मिक्सरचं भांडं अर्धंच भर, नाहीतर वाफेने झाकण उडेल आणि तू मला शिव्या देशील. गाळून वीस मिनिटं उकळ, कच्चं सोयाबीन पचत नाही. पातेलं मोठं घे, हे दूध दुधापेक्षाही लबाड, फेसासकट उतू जातं. तळ सतत खरवडत राहा. एवढं केलं की स्निग्धांश चार टक्क्यांच्या आसपास येतो.

विरजण मिरचीच्या देठांचं: बोट सोसेल इतकं कोमट झालं की आठ-दहा देठं आणि चमचाभर साखर. दुधातली साखर इथे नसते, मग जिवाणूंनी खायचं काय? बारा तासांनी लागेल ते सैल आणि मिरचीच्या वासाचं; ते खायचं नाही, त्यातले दोन चमचे पुढच्या दह्याला. गरम दुधात देठं टाकलीस तर काहीच लागणार नाही. तू टाकशीलच, तुला कधी धीर होता?

आता खरी काळजी वड्यांची. आप्पेपात्रातले वडे दडस होतात. कढईत तेल चहूकडून एकदम तापवतं, वडा फुगतो, वाफ जाताना जाळी पडते आणि तिच्यातूनच पुढे पाणी आत शिरतं. आप्पेपात्रात खालूनच आच, म्हणून हवा आपणच भरायची. उडीद डाळ चार तास भिजवून, गार पाण्याचे हबके देत घट्ट वाटायची, मग हाताने दहा मिनिटं फेटायची. वाटीभर पाण्यात थेंब तरंगला की झालं. मीठ अगदी शेवटी, आधी घातलं तर पीठ सैल पडतं. सात खळग्यांना मिळून चमचाभर तेल, मंद आच, झाकण ठेवून चार मिनिटं, उलटून तीन. मग हिंग-मिठाच्या कडकडीत पाण्यात वीस मिनिटं. तुझ्या जावेचा एअर फ्रायर नकोच. आत फुगायच्या आधी वरचं कवच वाळतं, गोट्या होतात.

तरीही मधला भाग मला अजून थोडा घट्ट लागतो. पाव हिस्सा मुगाची डाळ मिसळली तर सुटेल असं वाटतंय, उद्या करून बघते. तू मूग घालतेस का गं? की तेही गुपित, तुझ्या मेतकुटासारखं?

घराचा स्लॅब पडला का? मंदीला नोकरी लागली म्हणे, तिला शाबासकी सांग. येताना दोन किलो सोयाबीन आण, पण खायचं आण. पेरणीचं नको, त्याला औषध चोळलेलं असतं.

तुझी,
नली