वंशावळीत मार्था कुठे आहे?

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला पीटर जेफरसनच्या, म्हणजे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन याच्या वडिलांच्या, घराण्यावरचा लेख काल दोनदा वाचला आणि सोबतची वंशावळ भिंग घेऊन पाहिली. लेख मेहनतीने लिहिला आहे, हे आधीच सांगते. १७३६ साली विल्यम रँडॉल्फने विल्यम्सबर्गच्या खानावळीतल्या सर्वांत मोठ्या वाडगाभर अराक पंच नावाच्या मद्याच्या बदल्यात पीटरला दोनशे एकर जमीन लिहून दिली, तो प्रसंग छानच उतरला आहे. जोशुआ फ्रायबरोबर केलेला व्हर्जिनियाचा नकाशा, आल्बमार्ल परगण्याच्या नागरी फौजेतले पद, १७५७ मधला मृत्यू, सगळे जिथल्या तिथे आहे.

पण वंशावळीत पीटर आणि जेन रँडॉल्फ यांच्या खाली चौकटी दोनच. थॉमस आणि रँडॉल्फ. या जोडप्याला दहा मुले झाली, त्यांतली आठ जगली आणि त्या आठांत सहा मुली होत्या: जेन, मेरी, एलिझाबेथ, मार्था, लूसी, ॲना. एकीचेही नाव आपण छापलेले नाही. तळाशी बारीक टीप आहे की हेमिंग्ज कुटुंबाचे प्रकरण वादग्रस्त असल्याने व जागेअभावी वगळले. ते प्रकरण म्हणजे थॉमसच्या मालकीची गुलाम सॅली हेमिंग्ज हिच्या मुलांचा बाप थॉमसच होता का, हा वाद. ती टीप वाचल्यापासून माझे मन थाऱ्यावर नाही.

लेखकाला बहुधा वाटले असेल की मुली वगळणे वेगळे आणि हेमिंग्ज वगळणे वेगळे. तसे नाही. मार्था ही थॉमसची बहीण, डॅब्नी कारला दिलेली. पीटर आणि सॅम्युएल कार हे तिचे मुलगे. सॅली हेमिंग्जची मुले या कार भावांपैकी कुणाची तरी, असे थॉमसच्या नातवंडांनी सांगितले आणि शंभर वर्षांहून जास्त काळ लोकांनी ते धरून ठेवले. १९९८ साली वाय गुणसूत्राची तपासणी झाली. हे गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसेच्या तसे जाते. पण थॉमसचा औरस मुलगा एकही जगला नव्हता. म्हणून थॉमसचा बाप पीटर याचा सख्खा भाऊ फील्ड जेफरसन याच्या पुरुषवंशातल्या पाच जणांचे रक्त घेतले. सॅलीचा धाकटा मुलगा एस्टन याच्या वंशजाशी ते जुळले. कार घराण्याचे जुळले नाही. आपल्या वंशावळीत फील्डही नाही आणि मार्थाही नाही. ज्या दोन फांद्यांवरून हा प्रश्न सुटत गेला, नेमक्या त्याच छाटलेल्या आहेत.

या तपासणीने एवढेच सिद्ध होते की एस्टनचा बाप जेफरसन घराण्यातला पुरुष होता. म्हणून काही जण थॉमसच्या धाकट्या भावाचे, रँडॉल्फचे, नाव पुढे करतात. पण सॅलीच्या प्रत्येक बाळंतपणाच्या नऊ महिने आधी थॉमस मॉन्टिचेलोला, म्हणजे व्हर्जिनियातल्या आपल्या घरी, मुक्कामाला होता, हे त्याच्याच नोंदींवरून काढलेले आहे. त्या वास्तूची देखभाल करणाऱ्या प्रतिष्ठानने २००० सालीच थॉमस हाच बाप असण्याची शक्यता फार मोठी, असा अहवाल दिला. आपला मूळपुरुष थॉमस आणि सॅलीचा थोरला मुलगा, ही वुडसन घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेली गोष्ट त्याच तपासणीत जुळली नाही, तेही जरूर छापा. वाद असेल तर वाद छापा, माणसे का गाळता?

आणि पुरावा कुणाचा चालतो, कुणाचा चालत नाही? पीटरचे पूर्वज वेल्समधल्या स्नोडन डोंगराजवळून आले, हे आपण ठामपणे छापले आहे. त्याला आधार काय, तर घरात तसे सांगत असत. स्वतः थॉमसने आत्मचरित्रात ते तेवढेच म्हटले आहे, आणि आईकडच्या रँडॉल्फ लोकांच्या लांबलचक कुळाबद्दल लिहिले आहे की ज्याने त्याने त्यावर हवा तेवढा विश्वास ठेवावा. त्या कुळाला आपण तीन परिच्छेद दिलेत. सॅलीचा मुलगा मॅडिसन याने १८७३ साली ओहायोतल्या एका वर्तमानपत्राला आपली आई, आजी, पणजी, भावंडे, सगळ्यांची हकिगत सांगितली. ती मात्र वादग्रस्त.

मुलगी व्हर्जिनियात असते, म्हणून मॉन्टिचेलोला जाणे झाले. जेफरसन कुटुंबाचे दफनस्थान टेकडीच्या उतारावर लोखंडी कुंपणात आहे. तिथे दफनाचा हक्क वंशजांच्या संघटनेकडे आहे आणि २००२ मध्ये त्या संघटनेने हेमिंग्ज वंशजांना सदस्य करून घ्यायला ७४ विरुद्ध ६ मतांनी नकार दिला. गुलामांचे दफनस्थान खाली, गाड्या लावायच्या जागेला लागून. चाळीसहून जास्त माणसे तिथे आहेत आणि बहुतेक दगडांवर अक्षर नाही. पण माझ्या डोळ्यांपुढून जात नाही ते त्याच्या शेतीच्या वहीतले पान. थॉमसचे बारीक, सरळ अक्षर. नाव आणि पुढे जन्मसालाचे दोन आकडे. सॅली ७३. तिच्याखाली बेव्हर्ली ९८, हॅरिएट ०१, मॅडिसन ०५, एस्टन ०८. बापाचे नाव नाही, पण मुले आहेत, ओळीने, आईच्या खाली. मालकाने मालमत्तेच्या यादीत का होईना, ज्यांना जागा दिली, त्यांना आपण दिली नाही.

मी हे इतके लावून का घेते, तेही सांगते. आमच्या घराण्याच्या छापील कुलवृत्तांतात आजोबांच्या नावापुढे ‘पुत्र २, कन्या ३’ असे आहे. त्या तिनांतली एक माझी आत्या. अकराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली आणि पुढे पन्नास वर्षे आमच्याच घरात राहिली. माझे, माझ्या भावंडांचे न्हाऊमाखू तिनेच केले. पुनर्मुद्रणाच्या वेळी मी तिचे नाव घालायची विनंती केली, तर उत्तर आले की मुली दिल्या घरच्या वृत्तांतात शोधाव्यात. मी तोही मिळवला, ग्रंथालयात बसून पाने उलटली. तिच्या नवऱ्याच्या नावापुढे ‘लहानपणी वारला’ एवढेच होते. लग्न झाल्याची नोंदच नाही. दोन घराण्यांची दोन जाडजूड पुस्तके आणि बाई दोन्हींत नाही. मी पेन्सिलीने आमच्या प्रतीत तिचे नाव लिहून ठेवले आहे. यमुना.

लेखात सॅलीचा एकदाच ओझरता उल्लेख आहे आणि तिथे तिला ‘मोलकरीण’ म्हटले आहे. मोलकरणीला पगार असतो आणि ती काम सोडून जाऊ शकते. सॅली गुलाम होती. शिवाय ती थॉमसच्या बायकोची सावत्र बहीण होती. दोघींचा बाप एकच, जॉन वेल्स. म्हणजे जेफरसनांच्या आप्तांत तिचे नाव एस्टनच्या जन्माआधीपासूनच लागते. एस्टनने पुढे विस्कॉन्सिनला जाऊन जेफरसन आडनाव लावले आणि त्याचा मुलगा जॉन वेल्स जेफरसन यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यात कर्नलपदाला पोचला. लेखाचा मथळा ‘घराण्यातली लष्करी परंपरा’ असा आहे, म्हणून मुद्दाम लिहिते. पीटरचा हा पणतू त्या परंपरेत बसत नाही का?

जाता जाता, ‘मॉन्टिसेलो’ नव्हे, ‘मॉन्टिचेलो’. नाव इटालियन आहे आणि तिथले लोक तसेच म्हणतात. गेल्या वर्षीही मी हे कळवले होते.

दुरुस्ती छापणार असाल तर सहा मुली, फील्ड, आणि सॅली व तिची चार मुले अशी पूर्ण वंशावळ द्यावी. टाइप जरा मोठा असावा आणि कृपा करून ती मधल्या घडीवर येऊ देऊ नये. परवा जेन रँडॉल्फचे अर्धे नाव घडीत गेले होते.

आपली जुनी वाचक,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा