खरा मालक कोण, हे कळू द्या

महोदय,

करबुडव्या देशांची, म्हणजे कर चुकवायला पैसा जिथे नेला जातो त्या देशांची, बातमी आली की सोबत समुद्रकिनारा, माडाची झाडे आणि नोटांनी भरलेली बॅग असे चित्र हटकून छापले जाते. मी फोर्टमधल्या एका बँकेच्या परकीय चलन विभागात बरीच वर्षे काढली. नोटांची बॅग कधी दिसली नाही. दिसायचे ते कागद, आणि ते सगळे नियमात बसणारे असत.

मॉरिशसचेच घ्या. एकाच उत्पन्नावर दोन देशांत कर पडू नये म्हणून भारताने १९८२ मध्ये त्या देशाशी करार केला. शेअर विकून झालेल्या नफ्यावर कर लावायचा हक्क त्यात मॉरिशसकडे गेला आणि मॉरिशस असा कर घेतच नव्हते. दोनदा पडू नये म्हणून केलेल्या करारामुळे कर एकदाही पडेनासा झाला. २००० मध्ये प्रत्यक्ष कर मंडळाने परिपत्रक काढले: मॉरिशसचा रहिवासी दाखला असला की कराराची सवलत द्यायला तो पुरेसा मानावा. दिल्ली उच्च न्यायालयाने ते रद्द केले, पण २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा उचलून धरले. मग बारा-तेरा लाख वस्तीचे हे बेट कित्येक वर्षे भारतात थेट गुंतवणूक करणाऱ्या देशांत पहिल्या क्रमांकावर राहिले.

आमच्या टेबलावर मॉरिशसची राजधानी पोर्ट लुई इथल्या कंपन्यांचे कागद यायचे. कंपन्या निरनिराळ्या, पत्ता मात्र पुष्कळदा एकच. त्यात आपल्याच देशातून बाहेर जाऊन फिरून आलेला पैसा किती, हे कळायला मार्ग नव्हता. आमच्या बँकेच्याच तळमजल्यावर पेन्शनला आलेल्या आजीबाई हयातीचा दाखला घेऊन रांगेत उभ्या असत. सही जुळली नाही तर त्यांना परत पाठवले जाई. मला ते तेव्हाही सहन होत नसे.

कोकणातून गेलेल्या मराठी माणसांचे वंशज मॉरिशसमध्ये आजही गणपती बसवतात. त्या बेटाला नावे ठेवायची नाहीत. दार आपणच उघडून दिले होते.

व्होडाफोनचा व्यवहार वाचकांना आठवत असेल. २००७ मध्ये सुमारे ११ अब्ज डॉलरना भारतातला मोबाइल व्यवसाय एका परदेशी कंपनीकडून व्होडाफोनकडे गेला, पण कागदावर विकला गेला तो केमन बेटांवरच्या एका कंपनीचा एक शेअर. मुंबई उच्च न्यायालयाने २०१० मध्ये या व्यवहारावर कर मागणाऱ्या प्राप्तिकर खात्याची बाजू घेतली. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये तो निकाल फिरवला. सरकारने मग पूर्वलक्षी, म्हणजे आधी झालेल्या व्यवहारांनाही लागू होणारा, कायदा केला आणि २०२१ मध्ये तो मागे घेतला. खेळ सुरू झाल्यावर नियम बदलणे चूकच होते. पण नियम आधीच नीट का केले नव्हते, हा प्रश्न त्या गदारोळात कोणी विचारला नाही.

मॉरिशसच्या करारात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली. १ एप्रिल २०१७ पासून घेतलेल्या शेअरच्या नफ्यावर भारताला कर लावता येऊ लागला. हे चांगलेच झाले. तरी कंपनीमागे माणूस कोण, हे सामान्य माणसाला अजून कळत नाही. कंपनी कायद्याच्या कलम ९० प्रमाणे खऱ्या लाभधारकांची नोंदवही ठेवावी लागते, पण ती पाहायचा हक्क आहे भागधारकाला, तोही शुल्क भरून. ब्रिटनमध्ये २०१६ पासून अशी नोंद कोणालाही फुकट पाहता येते. युरोपीय महासंघाच्या न्यायालयाने २०२२ मध्ये खासगीपणाच्या कारणाने तिथली सर्वांना खुली असलेली नोंद रोखली, हे मला माहीत आहे. पण आपल्याकडे दोन एकरांच्या शेतकऱ्याचा सातबारा कोणीही घरबसल्या ऑनलाइन पाहतो, त्यावरचा बोजाही वाचतो. त्याच्या खासगीपणाची काळजी कोणी केली नाही.

कंपनी व्यवहार मंत्रालयाने खऱ्या मालकांची नोंद सातबाऱ्यासारखी सर्वांना खुली करावी. ही मागणी आपल्या दैनिकाने लावून धरावी, अशी कळकळीची विनंती.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी, डोंबिवली