शाळेच्या फाटकावर एक कागद लावा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जून लागला की आमच्या सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात नळाला गढूळ पाणी येते आणि शाळाही उघडतात. दोन्ही एकाच सुमारास, म्हणून हे पत्र आत्ता लिहितो आहे. एका अनुदानित माध्यमिक शाळेच्या कार्यालयात मी तेहतीस वर्षे काढली आणि २०२५च्या मे महिन्यात वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झालो. नोकरीत असताना वृत्तपत्राला पत्र लिहायची हिंमत नव्हती. शाळेचे नाव आजही लिहीत नाही, कारण माझे भांडण त्या एका शाळेशी नाही.

शाळेवर आजाराचे सावट आले की पालक मुख्याध्यापकांना फोन करत नाहीत, ऑफिसात करतात. ऑफिसचा फोन माझ्या टेबलावर होता. त्यामुळे मी तीन साथी डोळ्यांपेक्षा कानांनीच जास्त पाहिल्या.

जानेवारी २०२५मध्ये नांदेड, किरकटवाडी, नांदोशी, धायरी, खडकवासला या भागात हातापायांतली शक्ती घालवणाऱ्या गुलेन बारी सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे रुग्ण एकदम वाढले. पुढे संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला. आमच्याकडे तेव्हा दहावीची पूर्वपरीक्षा चालू होती आणि बोर्डाचा पहिला पेपर २१ फेब्रुवारीला होता. सकाळी सात वाजता मी कुलूप उघडायचो तेव्हा फोन वाजतच असायचा. प्रश्न साधे होते. ‘भाऊसाहेब, शाळेच्या टाकीत टँकरचं पाणी टाकता का महापालिकेचं?’ ‘टाकी कधी धुतली?’ ‘मुलीला घरून बाटली दिली तर वर्गात चालेल ना?’ ‘प्रिलियम पुढे गेली का?’

यातल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर शाळेत कुणाला ना कुणाला ठाऊक होते. टाकी कधी धुतली हे शिपायाला ठाऊक होते, टँकरची बिले माझ्या फायलीत होती. पण पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेलेली पहिली सूचना अशी होती : ‘सध्याच्या प्रादुर्भावाच्या पार्श्वभूमीवर सर्व प्रतिबंधात्मक उपाययोजना करण्यात येत असून पालकांनी घाबरून जाऊ नये व अफवांवर विश्वास ठेवू नये.’ ती मीच टाइप केली होती. वरून मजकूर आला आणि मी तो काना-मात्रा तपासून पाठवला. ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिनलाच लिहिता येईल अशी सोय आधीच केलेली होती. म्हणजे पालकांचे तोंड बंद आणि आमचे उघडे असूनही रिकामे. त्या संध्याकाळी फोन दुप्पट झाले. ‘घाबरू नका’ म्हणताहेत म्हणजे नक्की काहीतरी झालंय, असे एक आजोबा मला म्हणाले. त्यांचे काही चुकले नव्हते.

कारण खरोखरच झाले होते. नववीतला एक मुलगा रुग्णालयात होता. पायांतली शक्ती गेली, मग हातांतली. ऑफिसला हे पहिल्या दिवशी कळले आणि ‘बाहेर बोलायचे नाही’ असा निरोपही त्याच दिवशी आला. बोललो नाही. फोनवर विचारणाऱ्याला मी ‘कल्पना नाही’ असे सांगत राहिलो. तेहतीस वर्षांत दाखल्यावरची जन्मतारीख कधी चुकवली नाही, पण ही खोटी दोन शब्दांची नोंद माझ्या नावावर आहे.

व्हायचे ते झाले. मधल्या सुट्टीपर्यंत नाव फुटले. दुसऱ्या दिवशी त्याच्या बाकावरचा मुलगा गैरहजर, तिसऱ्या दिवशी पुढचे-मागचे बाक रिकामे. जीबीएस शेजारी बसून होत नाही. दूषित पाण्यातून किंवा कच्च्या राहिलेल्या मांसातून पोटात जंतू जातो, जुलाब होतात, आणि काहींच्या बाबतीत त्या जंतूशी लढायला निघालेली शरीराची यंत्रणा आपल्याच नसांवर उलटते. त्या वेळी काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पायलोबॅक्टर नावाचा जंतू सापडल्याचे वृत्तपत्रांत छापूनही आले होते. म्हणजे मुलाचे नाव न घेता शाळेला तीन वाक्ये सांगता आली असती : आमच्या एका विद्यार्थ्यावर उपचार चालू आहेत, हा आजार एकमेकांच्या संपर्काने होत नाही, पाणी उकळून द्या. महापालिकेने कमला नेहरू रुग्णालयात उपचारांची सोय केली आहे, हे चौथे. त्याऐवजी आम्ही नाव लपवले आणि नेमके नावच तेवढे बाहेर गेले, माहिती आत राहिली. मार्चमध्ये तो मुलगा काठी घेऊन परत आला तेव्हा जिन्यावर मुले बाजूला सरली. आदराने नव्हे.

आता २००९ची गोष्ट. स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी गेला तो पुण्यात, ३ ऑगस्टला, आणि ती चौदा वर्षांची शाळकरी मुलगी होती. आमच्या शाळेतल्या निम्म्या मुली त्याच वयाच्या. नायडू रुग्णालयाबाहेर रांगा, औषधांच्या दुकानांत मास्क संपलेले, मुलांच्या खिशात कापूर-वेलदोड्याच्या पुरचुंड्या. तेव्हा आमच्याकडे ग्रुप नव्हता, निम्म्या पालकांकडे मोबाईलही नव्हता. पण त्या वेळच्या मुख्याध्यापिका बाई रोज दुपारी साडेबाराला, सकाळची शाळा सुटून दुपारची भरायच्या वेळी, फाटकावर एक कागद लावायच्या. हाताने लिहिलेला, खाली सही, वर तारीख आणि वेळ. पाच-सहा ओळी. आज किती मुले तापाने घरी आहेत. कुठल्या वर्गात. कुणाला तपासणीला पाठवले आहे का. काय अजून कळलेले नाही. आणि शेवटची ओळ ठरलेली : ‘पुढची सूचना उद्या साडेबाराला.’ नवीन काही नसले तरी कागद बदलायचा. मी एकदा म्हणालो, ‘बाई, आज तर कालचंच आहे, राहू द्या ना.’ त्या म्हणाल्या, ‘कालचंच आहे हे त्यांना कोण सांगणार?’

एकदा बाईही चुकल्या. शाळा बंद ठेवण्याचा आदेश निघाला तेव्हा ऐकीव माहितीवर त्यांनी ‘सोमवारी शाळा भरेल’ असे लिहून टाकले आणि मुदत पुढे गेली. त्यांनी कागद फाडला नाही. त्या वाक्यावर एक आडवी रेघ मारली, शेजारी ‘माझी चूक’ लिहून सही केली आणि खाली नवा मजकूर लिहिला. त्यानंतर पालक ऑफिसात फोन करून ‘फाटकावर काय लिहिलंय?’ एवढेच विचारायचे. मी वाचून दाखवायचो. दिवसाला दहा-बारा फोन, बस्स.

२०२०बद्दल फार लिहीत नाही, ते सगळ्यांनीच भोगले. दहावीचा भूगोलाचा पेपर तेवढा सांगतो. तो २३ मार्चला होता. आधी पुढे ढकलला आणि एप्रिलमध्ये रद्दच झाला. या दोन बातम्यांच्या मध्ये तीनेक आठवडे गेले आणि त्या काळात फोन माझ्या घरी यायचे, कारण शाळेला कुलूप. ‘भाऊसाहेब, भूगोलाचं काय?’ मला काहीच ठाऊक नव्हते. पण ‘अजून निर्णय नाही, बोर्डाचे पत्र आले की त्याच दिवशी कळवतो’ एवढे ठरावीक वाक्य मी सगळ्यांना सांगितले आणि पत्र आले त्या दिवशी खरोखर कळवले. एकही पालक चिडला नाही. उत्तर नसण्यापेक्षा उत्तर कधी मिळेल ते न कळणे माणसाला जास्त जाचते, हे मला त्या भूगोलाने शिकवले. पोषण आहाराचा तांदूळ घरी न्यायला बोलावताना मात्र आमची फजिती झाली. निरोप ग्रुपवर टाकला आणि ज्यांना तांदळाची खरी गरज होती त्यांच्याकडेच साधे फोन होते. शेवटी निरोप पोचवला तो रिक्षावाल्या आणि व्हॅनवाल्या काकांनी.

या काकांना शाळा कधी मोजत नाही. वास्तविक साथीच्या दिवसांत दिवसाला शंभर घरांचे दरवाजे तेच वाजवतात. फाटकासमोरचा वडापाववाला दुसरा, तिसरे समोरचे स्टेशनरीचे दुकान. अफवा याच तीन ठिकाणांहून निघते, तर खरी बातमीही इथूनच निघायला काय हरकत आहे? कागदाच्या तीन झेरॉक्स तिथे दिल्या तर खर्च सहा रुपये.

भाषेचेही पाहावे. आमच्या पट्ट्यात बांधकामावर आलेली कुटुंबे आहेत, कुणी सोलापूर-लातूरकडची, कुणी कर्नाटकातली, कुणी बिहारची. ‘पाणी निर्जंतुक करून प्राशन करावे’ असे आम्ही छापले होते. एका आईने मला विचारले, ‘सर, ते औषध कुठं मिळतं?’ ‘पाणी उकळून, गार करून द्या’ हे लिहायला ऑफिसला का जड जाते, ते मी स्वतः ऑफिस असूनही सांगू शकत नाही.

सर्वांत सोपी गोष्ट शेवटी लिहितो. नळाच्या पाण्यात क्लोरीन आहे की नाही हे पाहायची ओटी टेस्ट ग्रामपंचायतीचे कर्मचारीही करतात. नळीत पाणी घ्यायचे, औषधाचे थेंब टाकायचे, पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे. जीबीएसच्या वेळी पालकांचा ‘पाणी कसलं?’ हा प्रश्न त्या पिवळ्या नळीने अर्धा सुटला असता. विज्ञानाच्या बाईंनी नववीच्या मुलांकडून ती रोज करून घेतली असती आणि निकाल कागदावर लिहिला असता, रंग न आलेल्या दिवशीही, तर मुलांचा एक प्रयोगही झाला असता. मी हे तेव्हा सुचवले नाही, कारण मला ते मार्चमध्ये सुचले.

शिक्षण विभागाने यासाठी नवे परिपत्रक काढावे अशी मागणी मी करत नाही. परिपत्रके कुठे जातात ते मला पक्के ठाऊक आहे, मीच ती फायलीत लावत असे. पालक-शिक्षक संघाची पहिली सभा जुलैत होते. तिथे एखाद्या पालकाने उठून एवढेच विचारावे : उद्या काही झाले तर फाटकावर कागद किती वाजता लागेल आणि त्यावर सही कोणाची असेल?

आपला,
एक निवृत्त वरिष्ठ लिपिक
धायरी, पुणे
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)