पर्सिस्टंट मेमरीला ५१२ बाइटचा ब्लॉक कशाला?

मा. संपादक,

सर्व्हरमध्ये पर्सिस्टंट मेमरी (वीज गेली तरी डेटा टिकवणारी मेमरी) बसवताना ब्लॉक, म्हणजे एका वेळी लिहिला-वाचला जाणारा डेटाचा तुकडा, केवढा ठेवायचा, असे विचारले की ‘जुन्या डिस्कला होता तेवढाच, ५१२ बाइट’ असे उत्तर सर्रास मिळते. त्यात जागाही जाते आणि वेगही. सेक्टर मोडमध्ये, म्हणजे ही मेमरी डिस्कसारखी वापरताना, ब्लॉकचा आकार नेमस्पेस (मेमरीचा वापरासाठी वेगळा केलेला भाग) तयार करतानाच ठरतो. पुढे बदलायचा तर ती पुसून नव्याने बनवावी लागते. म्हणून हा खुलासा.

मुळात या मेमरीला डिस्कसारखे सेक्टर, म्हणजे ठरावीक आकाराचे ब्लॉक, नसतात. लिहिता लिहिता वीज गेली, तर प्रोसेसरची हमी एकसंध ८ बाइटपुरतीच असते. ४ केबीचा ब्लॉक निम्मा लिहून झाला असेल तर मागे उरतो तो अर्धा नवा, अर्धा जुना ब्लॉक, आणि वाचताना कसलीही एरर येत नाही. हे टाळायला लिनक्समध्ये सेक्टर मोड आहे. त्यातली बीटीटी (ब्लॉक ट्रान्सलेशन टेबल) ही यंत्रणा नवा डेटा आधी मोकळ्या ब्लॉकमध्ये लिहिते, मग लॉगमध्ये नोंद करते आणि शेवटी मॅपमधली (कोणता ब्लॉक कुठे आहे त्या यादीतली) नोंद बदलते.

ही मॅपची नोंद दर ब्लॉकमागे ४ बाइटची. म्हणजे १ टीबीच्या नेमस्पेसला ४०९६ बाइटच्या ब्लॉकने सुमारे १ जीबी लागतो, ५१२ च्या ब्लॉकने ८ जीबी. शिवाय ४ केबीच्या एकाच लेखनासाठी लॉग आणि मॅप आठ-आठ वेळा बदलावे लागतात. एनडीसीटीएल या नेमस्पेस बनवणाऱ्या टूलमध्ये सेक्टर साइज दिली नाही तर ४०९६च धरली जाते. ती तशीच राहू द्यावी. ५१२ फक्त अशा जुन्या सॉफ्टवेअरसाठी, जे दुसऱ्या आकारावर चालतच नाही.

बीटीटीची हमी एका सेक्टरपुरतीच आहे, हे डेटाबेस सांभाळणाऱ्यांनी पक्के ध्यानात ठेवावे. इनोडीबीचे (मायएसक्यूएलच्या स्टोरेज इंजिनचे) पान एरवी १६ केबीचे, म्हणजे चार सेक्टरचे. ते मध्येच तुटू शकते. तेव्हा बीटीटी आहे म्हणून डबलराइट (पान आधी दुसरीकडे लिहून ठेवण्याची इनोडीबीची सोय) बंद करणे धोक्याचे आहे.

सेक्टर मोडमध्ये डॅक्स, म्हणजे मधल्या कॅशेशिवाय फाइलमधला डेटा थेट मेमरीतूनच वापरणे, मिळत नाही. थेट मेमरी मॅप करायची असेल तर एफएसडॅक्स मोड घ्यावा, आणि फाइल सिस्टिमचा ब्लॉक कर्नलच्या पेजएवढाच (कर्नल मेमरी ज्या तुकड्यांत हाताळते तेवढाच) ठेवावा. एक्स८६ वर तो ४ केबी. काही एआरएम आणि पॉवर मशिनवर पेज ६४ केबीचे असते. तिथे ४ केबीच्या ब्लॉकवर एक्स्ट४ ही फाइल सिस्टिम डॅक्ससह माउंटच होत नाही, तर एक्सएफएस कर्नल लॉगमध्ये एक ओळ टाकून डॅक्स बंद करते आणि काम पुढे चालू ठेवते. माउंट केल्यावर ती ओळ शोधायलाच हवी.

पार्टिशनची सुरुवातही तपासावी. बरीच टूल्स ती १ एमबीवर ठेवतात. मग २ एमबीची मोठी पेजेस जुळत नाहीत आणि जिथे एका पेज फॉल्टमध्ये (पेज पहिल्यांदा वापरताना कर्नलला करावी लागणारी जोडणी) भागले असते तिथे ५१२ फॉल्ट पडतात. पार्टिशन २ एमबीवर सुरू करावे, किंवा पार्टिशन न करता सगळ्या नेमस्पेसवरच फाइल सिस्टिम बनवावी.

— एक सिस्टिम इंजिनिअर