गणवेशातील सवलतीच्या अर्जांबाबत सूचना

सर्व पालक सभासदांस कळविण्यात येते की, पाल्यास गणवेशाच्या नियमातून सवलत हवी असल्यास ती फाटकावर शिपायाशी हुज्जत घालून न मागता मुख्याध्यापकांच्या नावे लेखी अर्जाने मागावी. त्वचाविकारामुळे टेरिकॉटचे कापड सोसत नसेल किंवा कॅलिपरमुळे (पायाला आधार देणाऱ्या साधनामुळे) बूट घालता येत नसतील, तर डॉक्टरांची चिठ्ठी जोडून त्याच रंगाचे सुती कापड, सँडल असा नेमका पर्याय सुचवावा. गणवेश शिवणाऱ्या सोलापुरात तरी तो मिळणे अवघड नसावे. दिव्यांग पाल्यांच्या पालकांनी दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मधील कलम 16 चा उल्लेख अवश्य करावा, कारण मान्यताप्राप्त शाळांनी विद्यार्थ्याच्या गरजेनुसार वाजवी सोय करणे त्यात अपेक्षित आहे. जानेवारीतील सिद्धेश्वर यात्रेत बाराबंदी (बंद बांधून घालायचा पारंपरिक अंगरखा) घालणाऱ्या मुलांसाठी परवानगी आधीच घ्यावी. अर्जाची पोच जपून ठेवावी.