फोडणीचा ठसका आणि हवेची वाट

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

आई, नवा एक्झॉस्ट लावूनही फोडणीचा ठसका हॉलपर्यंत येतो म्हणतेस, पण पंखा बदलायची घाई नको. पंखा जेवढी हवा बाहेर टाकतो तेवढी आत यायला वाट लागते, आणि ती लांबून यावी लागते. तू पंख्याशेजारचीच खिडकी उघडतेस. तिथून आलेली हवा ओट्यापर्यंत न पोचताच पंख्यातून निघून जाते आणि कढईवरचा धूर जागच्या जागी राहतो. ती खिडकी लाव, हॉलची समोरची उघड.

पंखा लावून पेटती उदबत्ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी, गुडघ्याच्या उंचीवर धर. धूर ओट्याकडे झुकला की जमलं. सरळ वर गेला तर हॉलची खिडकी अजून उघड. तरीही झुकेना, तर बाबा, पंख्याच्या बाहेरच्या झडपा बघा. तेलाच्या चिकटामुळे त्या अर्ध्याच उघडतात. महिन्यातून एकदा बटण बंद करून पाती आणि झडपा गरम सोड्याच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसा. मोटरवर पाणी नको.

पुढे पंखा बदलायचाच झाला तर सहा इंची की नऊ इंची, हे तुम्ही विचारलंत. आपलं स्वयंपाकघर 10 × 8 फूट, उंची 9, म्हणजे 720 घनफूट. तासाला 15 वेळा हवा बदलायची तर ताशी साधारण 300 घनमीटर लागते. पण डब्यावरचा आकडा समोर काही अडथळा नसतानाचा असतो. जाळी आणि झडपांनी तो घटतो. म्हणून 450 च्या पुढचा घ्यावा, म्हणजे नऊ इंचीच बरा. गॅस पेटवण्याआधी दोन मिनिटं पंखा लावायचा आणि स्वयंपाक झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवायचा. आई, नुसतं दूध तापवतानाही लाव, कारण धूर दिसला नाही तरी ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइड निघतोच.

मला खरी काळजी बाथरूममधल्या गॅस गीझरची आहे. दार-खिडकी बंद असली की प्राणवायू कमी पडतो, ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही. चक्कर येते आणि कडी काढायचंही त्राण उरत नाही. घर बंद ठेवून स्वयंपाकघरातला जोरदार पंखा लावला, तर गीझरचा धूर उलटा आत ओढला जाऊ शकतो. त्यामुळे बाथरूमला एक्झॉस्ट लावून हे भागणार नाही, गीझर उघड्या बाल्कनीतच हलवायला हवा. तोवर दार-खिडकी उघडी ठेवून बादली भरून घ्या, गीझर बंद करा, मगच आंघोळीला जा.

आणि सिलिंडरच्या गॅसचा वास आला तर एक्झॉस्टचं बटण दाबू नका, चालू असेल तर बंदही करू नका. बटणाची ठिणगी पुरते. हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा आणि बाहेर पडा.

बाबा, बाथरूमपासून बाल्कनीपर्यंत पाइपाचं अंतर टेपने मोजून कळवा. फिटरशी मी बोलते.

तुमची लेक