राणे यांच्या फलकावर त्यांचं काम लिहा

मा. ग्रामविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
सादर नमस्कार.

विदर्भातल्या ग्रामपंचायती परमवीरचक्र विजेत्यांचे फलक उभारतात, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण मेजर रामा राघोबा राणे यांच्या नावाखाली नुसतं 'शूर योद्धा' लिहून भागत नाही. परमवीर म्हणजे शहीद, असाही अनेकांचा समज असतो. राणे १९६८ मध्ये निवृत्त झाले आणि १९९४ मध्ये वारले. पराक्रम गाजवला तेव्हा ते मेजरही नव्हते. बॉम्बे सॅपर्स, म्हणजे रस्ते-पूल बांधणाऱ्या आणि सुरुंग काढणाऱ्या लष्करी अभियंता दलातले सेकंड लेफ्टनंट होते.

काम होतं जम्मू-काश्मीरमधला नौशेरा-राजौरी रस्ता रणगाड्यांसाठी मोकळा करण्याचं. ८ एप्रिल १९४८ रोजी सकाळी अकराला नादपूरजवळ शत्रूच्या उखळी तोफांचा मारा झाला. सुरुंग काढणाऱ्या तुकडीतले दोघे ठार झाले, पाच जखमी. त्या पाचांत राणे स्वतः होते. त्यांनी तुकडी पुन्हा उभी केली. बरवाली टेकडी साडेचारच्या सुमारास हाती आल्यावर रात्री दहापर्यंत ते रणगाड्यांसाठी वळणरस्ता, म्हणजे अडथळ्याला वळसा घालणारी वाट, काढत राहिले, समोरून मशीनगन सुरू असताना. दुसऱ्या दिवशी सहापासून पुन्हा तेच. दुपारी तीनला वळणरस्ता तयार झाला, रणगाडे निघाले आणि अर्ध्या मैलावर चीडची (पाइनची) झाडं आडवी! ती स्फोटकांनी उडवली, तर तीनशे यार्डांवर पुन्हा झाडं. पुढे मोरी तोडलेली. सव्वासहाला पाच मोठी झाडं, भोवती सुरुंग, वर मशीनगनचा मारा.

हा अडथळा इतका अवघड का, हे शाळेतल्या मुलांना सांगायला हवं. आधी भोवतालचे सुरुंग काढल्याशिवाय झाडांपर्यंत पोचता येत नाही, आणि सुरुंग काढणारा माणूस गोळीबारात सहज हलू शकत नाही. घाटरस्त्यावर एका रणगाड्याची साखळी तुटली की मागचा सगळा ताफा अडकतो. म्हणून त्या संध्याकाळी ताफा सुरक्षित जागी थांबवला. १० तारखेला पहाटे पावणेपाचला राणे पुन्हा तिथेच कामाला लागले आणि साडेसहाला तो अडथळा दूर झाला. दुपारी दोनपर्यंत रणगाडे राजौरीच्या वाटेवरच्या चिंगसला पोचले, तेही तवी नदीच्या पात्रातून. मागून येणाऱ्या पुरवठ्याच्या गाड्यांना मात्र रस्ताच हवा होता, म्हणून राणे रात्री नऊपर्यंत अन्नाविना तो साफ करत राहिले. ११ तारखेला अकरा वाजता रस्ता चिंगसपर्यंत खुला झाला. दुसऱ्याच दिवशी राजौरी आपल्या ताब्यात आली.

फलकावर हे तारीख-वेळेनिशी यावं, पद त्या वेळचं यावं. मजकूर कोरण्याआधी खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपकडून (म्हणजेच बॉम्बे सॅपर्सकडून) तपासून घ्यावा.

आता फलकाच्या चौथऱ्याच्या पायाबद्दल. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात. तिच्यावर थेट बांधलेला चौथरा कलतो आणि संगमरवर तडकतो. मुरूम लागेपर्यंत खोदून काळी माती बाहेर काढावी, भराव मुरमाचाच, सहा-सहा इंचांचे थर पाणी मारून धुम्मस करावेत. खोदलेली काळीच परत लोटली तर सगळं व्यर्थ. पूर्णा खोऱ्यात काळीचा थर खोल असतो. तिथे सुमारे साडेतीन मीटरचे अंडर-रीम्ड पाईल, म्हणजे तळाशी फुगीर असलेले काँक्रीटचे खांब, घ्यावे लागतील. चौथऱ्याभोवती पाणी साचू देऊ नये. फलक नुसत्या सिमेंटवर न चिकटवता पितळी खिळ्यांनी बसवावा. अक्षरं रंगवलेली नकोत, कोरलेली हवीत.

एवढा नमुना मजकूर आणि नमुना अंदाजपत्रक आपल्या खात्याने पंचायत समित्यांच्या शाखा अभियंत्यांकडे पाठवावं. बांधकाम पावसाळ्याआधी व्हावं, आणि ८ एप्रिलला, सकाळच्या शाळेत, हा मजकूर मुलांना वाचून दाखवावा.

आपले,
बॉम्बे सॅपर्सचे निवृत्त जवान, विदर्भ